तो माझ्यात जिवंत नाही

३ ऑगस्ट हा अवयवदान दिवस. त्या सुमारास अमरावतीत, अकोल्यात, नागपुरात कार्यक्रम होतात. दात्याच्या आईवडिलांना शाल-श्रीफळ देतात आणि माइकवरून कुणीतरी हमखास म्हणतं, "तुमचा मुलगा गेला नाही, तो कुणाच्या तरी रूपानं आजही जिवंत आहे." आई पदर डोळ्यांना लावते, सभागृह टाळ्या वाजवतं. मलाही अशा कार्यक्रमांना बोलावतात, कारण माझ्या पोटात उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला, एका मृत माणसाची किडनी आहे. मी जाते, आभार मानते. पण ते वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही. का, ते आता सांगायला हवं; कारण ही किडनी थकत चालली आहे. बरीच वर्षं दीडच्या आत असलेलं रक्तातलं क्रिएटिनीन आता दोनच्या पुढं सरकलंय.

मी अकोल्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवलं. माहेर दर्यापूर तालुक्यातलं, घर महानुभावांचं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा आहे, त्यातलं आमचं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळयोजना येण्याआधी पिढ्यान् पिढ्या तेच पाणी प्यायल्या. या पट्ट्यात गावोगाव किडनीचे रोगी आहेत. एकट्या पाण्यावर दोष टाकता येणार नाही. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, निंदण-कापणीत कंबर धरली की किराणा दुकानातून घेतलेली दुखण्याची गोळी आहे. पण मला जेव्हा आजार निघाला तेव्हा भेटायला येणाऱ्या बायका एकच कारण सांगत: "मागच्या जन्माचं असते माय, कोनाले चुकलं?"

हे मला तेव्हाही पटलं नाही. कर्मसिद्धान्त मी मानते. पण गावच्या विहिरीत क्षार आहेत याचा जाब मागच्या जन्माला विचारायचा नसतो, तो पाणीपुरवठा खात्याला विचारायचा असतो. प्राक्तन हे स्वतःच्या दुःखाकडं बघताना वापरायचं; दुसऱ्याच्या दुःखाला ते लावलं की धर्म संपतो.

डायलिसिसचे दिवस मी थोडक्यात सांगते. अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या वर, आणि दिवसभरात तांब्याभरही पाणी प्यायचं नाही. ओठांवर ओलं फडकं फिरवायचं. अकोट, तेल्हारा, बाळापूरकडची माणसं पहाटेची एसटी धरून येत. हातात डायलिसिससाठी केलेला फिस्टुला घेऊन चार तास मशीनला पडून राहत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. त्या खोलीत मी एक गोष्ट पाहिली. नवऱ्याला किडनी लागायची असली की बायको पुढं यायची, मुलाला लागायची असली की आई. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सगळे सुपर स्पेशालिटी म्हणतात, आता प्रत्यारोपणं होतात. आईनं मुलाला किडनी दिली अशा तिथल्या बातम्या आपण वाचतो आणि भरून येतं. बाईला लागायची असली की मात्र बहुधा प्रतीक्षायादी. माझी आई देते म्हणाली होती, पण तिला साखर होती. मी नागपूरच्या यादीत नाव घातलं. विदर्भातल्या मरणोत्तर अवयवांचं वाटप नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून होतं. रक्तगट, यादीत काढलेला काळ अशा गोष्टींवरून क्रम लागतो.

नाव घातलं, आणि मग एक यातना सुरू झाली. तिच्याबद्दल डॉक्टर बोलत नाहीत. मी फोनची वाट पाहत होते. तो फोन येण्यासाठी कुणीतरी मरायला हवं होतं. तेही म्हातारपणानं, घरात, तोंडात गंगाजळ घालून नव्हे. डोक्याला मार लागून, आयसीयूत, बहुधा तरुण वयात. महामार्गावरून रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी कान टवकारायची आणि लगेच मनात शरमायची. आमच्या पंथात अहिंसा फार कडक आहे. वाळलेली काडीही विनाकारण मोडू नये असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि मी देवपूजेला बसून नक्की काय मागत होते?

पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला, गेले असताना एका वृद्ध महंतांना हे विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्या दिवशी फोन येत नाही, त्या दिवशी तुले वाईट वाटते का बरं वाटते?"

मी म्हटलं, "दोन्ही वाटते, बाबा."

"मग दोन्ही स्वामीपुढं ठेव. त्यातलं एकच ठेवशीन तर खोटं होईन."

यानं यातना गेली नाही. पण मागणं बदललं. माझ्या इच्छेनं कुणाच्या डोक्याला हेल्मेट चढत नाही आणि उतरतही नाही. मृत्यू माझ्या मागण्याआधी आणि मागण्याशिवाय घडतो. त्यानंतर त्या घरातली माणसं काय ठरवतील, एवढीच जागा माझ्या प्रार्थनेला मोकळी होती. तेव्हापासून मी किडनी मागणं सोडलं. कुणाच्या तरी घरातल्या माणसांना त्या वेळी बळ मिळो, एवढं मागू लागले.

त्याच सुमाराला, २०१५च्या डिसेंबरात, अकोल्यात किडनीविक्रीचं प्रकरण उघडकीला आलं होतं. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या गरीब माणसांना किडन्या विकायला लावल्याचा आरोप होता, आणि तपास पार श्रीलंकेपर्यंत गेला. आमच्या डायलिसिसच्या खोलीत त्या दिवसांत कुणी कुणाकडं बघत नव्हतं. दोन्ही बाजूंनी गरज होती; मधे पैसा आला आणि एका माणसाचं शरीर त्याच्याच कर्जाचं तारण झालं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा आहे, विक्रीला सक्त बंदी आहे. तरी जिथं मरणोत्तर दान होत नाही तिथं जिवंत गरिबावर आणि घरातल्या बाईवरच भार पडणार, हे उघड आहे. २०२३ साली देशात १८ हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणं झाली. मरणोत्तर दाते मात्र १,१००च्या आसपासच.

फोन आला तेव्हा रात्र होती. नागपूर गाठलं, क्रॉसमॅच जुळलं, शस्त्रक्रिया झाली. पहिले काही दिवस किडनी झोपलेलीच होती. मृत दात्याच्या किडनीचं असं पुष्कळदा होतं, कारण ती काही तास बर्फात राहिलेली असते. तोवर पुन्हा डायलिसिस. मग एका पहाटे पिशवीत लघवी उतरू लागली आणि नर्स ओरडली, "मावशी, चालू झाली!"

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दात्याची बातमी होती, फोटोसकट, नावगावासकट. आपल्याकडं नावं गुप्त ठेवायची पद्धत रुग्णालयं पाळतात, वर्तमानपत्रं पाळत नाहीत. माझ्या भावानं तो अंक घडी करून ठेवला. मला दाखवला नाही, आणि मी मागितला नाही.

आता त्या वाक्याकडं येते.

लीळाचरित्र मी अनेक वर्षं शिकवलं. त्यात आमच्या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या देहाची कथा आहे. गुजरातेत भडोचचा प्रधान विशालदेव, त्याचा मुलगा हरपाळदेव. तो वारला, प्रेत स्मशानात नेलं. त्याच वेळी द्वारावतीला चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि त्या प्रेतात प्रवेश केला. हरपाळ उठून बसला. घरी आनंद झाला. आईवडिलांना मुलगा मिळाला, बायकोला नवरा. पण आत हरपाळ नव्हता. पुढं तो रामटेकच्या यात्रेचं निमित्त काढून घर सोडतो, बरोबरच्या माणसांना मागं टाकतो, आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी येतो. तिथून आपण त्याला चक्रधर म्हणून ओळखतो.

वर्गात ही कथा सांगताना मुलं नेहमी चमत्काराबद्दल विचारत. मला मात्र प्रत्यारोपणानंतर त्या कथेत विशालदेव दिसू लागला. ज्या बापानं मुलाला एकदा सरणापर्यंत पोचवलं होतं, त्यानं त्याला पुन्हा वेशीपर्यंत पोचवलं. मुलगा परत आलाय या समजुतीवर काही वर्षं घर हसलं, आणि मग तेच दुःख दुसऱ्यांदा आलं.

"तो कुणाच्या तरी रूपानं जिवंत आहे" हे वाक्य दात्याच्या आईला त्याच जागी नेऊन ठेवतं. ती माउली मनात मोजत राहते: आपल्या पोराची किडनी कुठंतरी चालू आहे. आणि एके दिवशी ती चालेनाशी होते. तिला कुणी कळवत नाही, कळवूही नये. पण कळलंच, तर तिनं काय समजायचं? पोरगा पुन्हा गेला?

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मानले आहेत, चारही एकमेकांपासून वेगळे. देह प्रपंचातला. परकायाप्रवेश ही परमेश्वराची लीळा. जीवाला ते सामर्थ्य नाही. म्हणजे माझ्या पंथाच्या हिशोबानं त्या मुलाचा जीव किडनीबरोबर माझ्यात आला असणं शक्यच नाही. वेदान्ती वेगळ्या वाटेनं तिथंच पोचतील. गीतेतली जुनी वस्त्रं टाकण्याची उपमा घराघरांत माहीत आहे. टाकलेल्या वस्त्रात माणूस राहत नाही. माझ्यात आलं ते पेशींचं एक अद्भुत यंत्र आहे. तो नाही. तो गेला. त्याचं जाणं पूर्ण आहे, आणि ते पूर्ण असू देणं हा त्याचा मान आहे.

असं म्हटलं की लोक दुखावतात. जणू मी दानाची किंमत कमी करते. खरं तर उलट आहे. तो जिवंत राहावा म्हणून दिलं असेल तर तो एक प्रकारचा सौदा झाला. तो गेला हे कबूल करून दिलं असेल, तर ते दान. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण दिलंय: ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, द्यायचं म्हणून दिलेलं. आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या, चपला कुठं काढल्या हेही आठवत नसलेल्या बापानं कागदावर केलेली सही त्या लक्षणात जितकी नेमकी बसते, तितकं दुसरं कुठलं दान मला माहीत नाही. दधीचीनं हाडं दिली, पण स्वतःची, समजून-उमजून, देवांच्या विनंतीवरून. इथं देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणारा दिसत नाही, आणि मधे उभी आहे ती मुलाची छाती हलताना बघणारी आई.

छाती हलते, हात गरम आहे, मग जीव गेला कसा? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, हा खरा धार्मिक प्रश्न आहे. हलणारी छाती व्हेंटिलेटरची असते. मेंदूचा देठ मेला की श्वास घेण्याची आज्ञाच उरत नाही. यंत्र काढून तेच तपासतात. कायद्यानं चार डॉक्टरांचं मंडळ ही तपासणी सहा तासांच्या अंतरानं दोनदा करतं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातलं त्यात कुणी नसतं. ज्या घरात हा प्रसंग येतो, त्यांना ही माहिती शांतपणे, बसवून, त्यांच्या बोलीत सांगितली पाहिजे. "घाई करा" म्हणून नाही. देह विद्रूप होईल, पुढच्या जन्मी अंगात उणं राहील, अशीही भीती असते. अपघाताच्या देहाचं शवविच्छेदन तसंही होतं. आणि चिता काहीच शिल्लक ठेवत नाही.

मग फळाचं काय? कारण फळ मोजलं जातं, आणि मोजलं पाहिजे. १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. यादीत नाव असलेले ४६,१६४ रुग्ण. त्यांतल्या २३,२७५ जणांना मृत दात्याची पहिली किडनी मिळाली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना मृत्यूचा धोका यादीत वाट बघणाऱ्यांपेक्षा २.८ पट होता. पुढं मात्र तो धोका वाट बघणाऱ्यांच्या जवळपास एक तृतीयांशावर आला, आणि हिशोबानं सरासरी दहाएक वर्षांचं आयुष्य वाढलं. मृत दात्याची किडनी एक वर्ष पार करते ती शंभरांत नव्वदांहून अधिक जणांत, चांगल्या केंद्रांमध्ये. दहा वर्षांनी निम्म्याच्या आसपास चालू असतात. आपल्याकडं क्षयरोग आणि इतर संसर्ग वाट अडवतात. आणि पैसा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून प्रत्यारोपणाला मिळणारी मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, ते चांगलं झालं. पण शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर लागतात. पऱ्हाटीला भाव मिळाला नाही त्या वर्षी गोळ्या अर्ध्या करणारा माणूस मी ओपीडीच्या रांगेत पाहिला आहे. पुढच्या वेळी तो डायलिसिसला परतला होता. सरकारनं शस्त्रक्रियेइतकीच या गोळ्यांची जबाबदारी घेतली पाहिजे. एका घरानं एवढं दिल्यावर ते औषधाच्या बिलापायी वाया घालवणं हा अधर्म आहे.

माझ्या दात्याची दुसरी किडनी कुणाला लागली, मला ठाऊक नाही. ती कदाचित पहिल्याच वर्षी गेली असेल, कदाचित माझ्यापेक्षा छान चालली असेल. एकाच रात्री, एकाच सहीनं, दोन सारख्या किडन्या निघाल्या आणि दोन देहांत गेल्या. फळ वेगळं निघालं तर एका बाजूचं दान मोठं आणि दुसऱ्या बाजूचं लहान, असं म्हणता येईल का? १९३३ साली युक्रेनमध्ये खेरसोनला युरी व्होरोनोय या शल्यचिकित्सकानं मृत माणसाची किडनी पहिल्यांदा माणसाला लावली. रोगी दोन दिवस जगला. मृत दात्याची किडनी वर्षापेक्षा जास्त चालायला १९६२ उजाडलं. मधल्या तीन दशकांत ज्या घरांनी दिलं, त्यांच्या देण्याला टिकाऊ फळ आलं नाही. त्यांचं देणं माझ्या घरच्यांच्या आनंदाइतकंच पूर्ण होतं. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे आपण परीक्षेच्या निकालाला लावतो. त्याची खरी जागा इथं आहे.

आणि माझ्यावर काय देणं आहे? लोक सांगतात, आता आयुष्याचं सोनं कर, त्या मुलाचं नाव सार्थकी लाव. मला हे ओझं अन्यायाचं वाटतं. किडनी मिळालेल्या शेतमजूर बाईनं मोठं काही करायचं नसतं. तिनं परत निंदायला जावं, पोटभर पाणी प्यावं, नातवाला मारावं आणि जवळ घ्यावं. दात्याचं घर सावकार नाही; त्यांनी व्याज मागितलेलं नाही. गोळी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घ्यायची, तपासण्या चुकवायच्या नाहीत, एवढं मात्र देणं आहे, आणि ते मी पाळलं. गाडगेबाबांचं बालपण आमच्याच पट्ट्यातल्या दापुऱ्यात गेलं. कर्ज काढून मेलेल्याच्या नावानं जेवणावळी घालू नका, जित्या माणसाला बघा, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. मी वर्षातून एकदा त्या मुलाच्या नावानं, म्हणजे त्याचं नाव न घेता, अकोल्याच्या डायलिसिस केंद्रात एखाद्याच्या महिन्याच्या गोळ्यांचे पैसे भरते. श्राद्ध म्हणून नाही. ते करायचा अधिकार त्याच्या घरच्यांचा.

किडनी गेली तर मी पुन्हा मशीनवर जाईन. मला भीती वाटते, पाण्याची आठवण आतापासून येते. पण त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा मरणार नाही.

म्हणून कार्यक्रम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. त्या आईला खरं सांगा: तुमचा मुलगा गेला, तो गेल्यावर तुम्ही दिलंत, कुणाला वर्षं मिळाली, कुणाला महिने, आणि तुमचं देणं दोन्हीकडं सारखंच होतं. तिला हे झेपेल. ज्या बाईनं ती सही करू दिली, तिला खोट्या आधाराची गरज नाही.

आणि वाचणाऱ्यांना एक. अवयवदानाचं कार्ड भरलेलं असलं, ऑनलाइन नोंदणी केलेली असली, तरी आयसीयूच्या दाराशी विचारतात ते घरच्यांनाच, आणि त्यांनी नाही म्हटलं तर पुढं काही होत नाही. माझ्या मुलाला मी माझ्या डोळ्यांबद्दल सांगून ठेवलंय. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढून घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवायचं असतं, हेही. तुमची इच्छा काय आहे, ती हो असो की नाही, आज रात्री जेवताना घरात सांगा.